मणक्याच्या शस्त्रक्रियेचा निकाल रुग्णालाही विचारा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून आणि तिला जोडलेल्या आयुष्मान भारत योजनेतून राज्यातल्या रुग्णांच्या मणक्यांवर शस्त्रक्रिया होतात. कुणाची सरकलेली गादी काढली जाते, कुणाची दबलेली नस मोकळी केली जाते, कुणाचे मणके स्क्रू आणि सळ्या बसवून एकमेकांना सांधले जातात. मंजुरी देताना एमआरआय आणि डॉक्टरांची टिपणे पाहिली जातात. रुग्णालयाचे बिल चुकते करताना शस्त्रक्रियेनंतरचा एक्स-रे आणि डिस्चार्जचा कागद पाहिला जातो. शस्त्रक्रिया झाली आणि रुग्ण घरी गेला, एवढे या कागदांवरून कळते. पण ज्या दुखण्यासाठी त्याने शस्त्रक्रियेचा धोका पत्करला ते वर्षभराने उरले आहे का, तो कामावर परतला का, त्याला रात्री सलग झोप लागते का, याचे उत्तर या कागदांत नसते. ते उत्तर फक्त रुग्णाजवळ असते. म्हणून माझी मागणी अशी आहे : योजनेतून होणाऱ्या कमरेच्या मणक्याच्या प्रत्येक पूर्वनियोजित शस्त्रक्रियेत रुग्णाला तेच ठरावीक प्रश्न तीन वेळा विचारावेत. एकदा शस्त्रक्रियेआधी, एकदा तीन महिन्यांनी आणि एकदा वर्षभराने. प्रश्न त्याच्या भाषेत असावेत, विचारणारी व्यक्ती त्याच्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्यांपैकी नसावी, आणि मिळालेल्या उत्तरांचा राज्यव्यापी गोषवारा दरवर्षी जनतेसमोर ठेवावा.

ही मागणी मणक्यापासूनच का सुरू करावी, याला कारण आहे. मोडलेले हाड जुळले की नाही हे एक्स-रेवर दिसते, मोतीबिंदू काढल्यावर नजर किती सुधारली हे तक्त्यावर मोजता येते. कमरेच्या मणक्याचे तसे नाही. तिथे प्रतिमा आणि दुखणे यांची सांगड फार सैल आहे. कोणतेही दुखणे नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या निरोगी माणसांपैकी ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. गादी फुगल्याचे प्रमाण विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के होते. ही सगळी माणसे पाठीची तक्रार न करता वावरत होती. म्हणजे एमआरआयवर दिसणारा बदल हे दुखण्याचे कारण असेलच असे नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर प्रतिमा सुधारली म्हणून माणूस सुधारला असेही म्हणता येत नाही. सळ्या जागेवर आहेत, हाड उत्तम सांधले आहे, तरी पायातली कळ तशीच आहे, असे होऊ शकते. उलट हाड पूर्ण सांधलेले नसूनही रुग्ण समाधानाने शेतात काम करतो, असेही होऊ शकते. झिजेमुळे होणाऱ्या मणक्याच्या बहुतेक शस्त्रक्रिया दुखणे कमी व्हावे आणि हालचाल परत मिळावी एवढ्याचसाठी केल्या जातात. जो हेतू, त्याचेच मोजमाप व्हायला हवे. आणि इथे तो हेतू साधला की नाही याचा साक्षीदार एकच आहे.

या साक्षीदाराचे म्हणणे शिस्तीने नोंदवण्याची साधने गेली चार दशके उपलब्ध आहेत. इंग्लंडमधल्या ओस्वेस्ट्री या गावातल्या अस्थिरोग रुग्णालयात १९७६ पासून कंबरदुखीच्या रुग्णांसाठी एक प्रश्नावली तयार होत गेली आणि १९८० मध्ये ती प्रसिद्ध झाली. दुखण्याची तीव्रता, आंघोळ-कपडे यांसारखी स्वतःची कामे, वजन उचलणे, चालणे, बसणे, उभे राहणे, झोप, लैंगिक जीवन, लोकांत मिसळणे आणि प्रवास असे तिचे दहा भाग आहेत. प्रत्येक भागात सहा विधाने असतात आणि आपल्याला लागू पडणारे एक विधान रुग्णाने निवडायचे असते. त्याला शून्य ते पाच गुण मिळतात. एकूण पन्नासपैकी गुणांचे शंभरात रूपांतर केले की रुग्णाच्या अपंगत्वाचा आकडा हाती येतो : वीसपर्यंत त्रास किरकोळ, चाळीसच्या वर गेला की तीव्र. एखादा प्रश्न रुग्णाने सोडला तर उरलेल्या प्रश्नांवरून टक्केवारी काढण्याची सोय आहे. आज ही प्रश्नावली जगभर मणक्याच्या उपचारांत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या साधनांपैकी एक आहे. आपल्यासाठी महत्त्वाचे म्हणजे तिची मराठी आवृत्ती तयार आहे. भारतीय रुग्णांवर ती पारखून पाहिली गेली आणि ती विश्वासार्ह व वैध असल्याचा अभ्यास २०१३ मध्ये ‘स्पाइन’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे साधन शोधण्यापासून सुरुवात करण्याची गरज राज्याला नाही.

अशी उत्तरे वर्षानुवर्षे जमवल्यावर काय हाती लागते, हे स्वीडनकडून शिकण्यासारखे आहे. तिथे मणक्याच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही १९९० च्या दशकापासून चालते. रुग्ण शस्त्रक्रियेआधी स्वतः प्रश्नावली भरतो आणि पुढे एक, दोन, पाच, दहा वर्षांनी टपालाने प्रश्नावली त्याच्या घरी जाते. सर्जनचा त्यात हात नसतो. कमरेतली मज्जारज्जूची वाट अरुंद झालेल्या रुग्णांत नुसती नस मोकळी करावी की सोबत स्क्रू-सळ्या बसवून मणके सांधावेत, हा जगभरच्या सर्जनांपुढचा जुना वाद होता. सांधल्याने मणका स्थिर होईल आणि दुखणे परतणार नाही, असा सांधण्याच्या बाजूने तर्क होता. स्वीडिश नोंदवहीतल्या ५,३९० रुग्णांची उत्तरे २०१३ मध्ये तपासली गेली, तेव्हा दोन वर्षांनंतर सांधलेल्यांना काही जास्त लाभ झाल्याचे दिसले नाही. त्याच देशात २४७ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणीही झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. दोन वर्षांनी ओस्वेस्ट्रीचा आकडा सांधलेल्या गटात २७ आणि न सांधलेल्या गटात २४ होता. हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता; मात्र सांधलेल्यांचा रुग्णालयातला मुक्काम सरासरी ७.४ दिवस होता आणि इतरांचा ४.१ दिवस. मणका पुढे सरकलेल्या २६७ रुग्णांवरची नॉर्वेतली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांचा ओस्वेस्ट्रीचा आकडा किमान ३० टक्क्यांनी घटला असे रुग्ण न सांधलेल्यांत ७१.४ टक्के आणि सांधलेल्यांत ७२.९ टक्के निघाले.

हा वाद इथे कायमचा मिटला असे मी म्हणत नाही. २०१६ मध्येच त्याच नियतकालिकात आलेल्या ६६ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत सांधलेल्या रुग्णांचे शारीरिक स्वास्थ्याचे गुण थोडे अधिक सुधारले होते. कोणत्या रुग्णाला सळ्यांची खरी गरज आहे हे आजही तारतम्याने ठरवावे लागते. पण या तिन्ही चाचण्यांचा मुख्य निकाल रुग्णाच्या उत्तरांवर बेतलेला होता, ही गोष्ट मला कळीची वाटते. एक्स-रे हाच निकष धरला असता तर सळ्या बसवलेला मणका नेहमीच अधिक भक्कम दिसला असता आणि अधिक मोठी, अधिक महाग शस्त्रक्रिया सरस ठरली असती. रुग्णाला विचारल्यामुळेच त्या भक्कमपणाचा त्याला कितपत उपयोग झाला हे कळले. महाराष्ट्रासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. योजना आता राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली आहे आणि दरवर्षी प्रति कुटुंब ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. स्क्रू आणि सळ्यांचा खर्च, लांबलेली शस्त्रक्रिया आणि वाढलेला मुक्काम यांचे पैसे शेवटी जनतेच्याच तिजोरीतून जातात. तो खर्च रुग्णाच्या चालण्या-बसण्यात उतरत असेल तर तो आनंदाने करावा. उतरत नसेल तर तेच पैसे फिजिओथेरपीला, पुनर्वसनाला किंवा दुसऱ्या रुग्णाच्या उपचाराला लागतील. आज आपल्याजवळ या दोहोंत निवड करायला आधार नाही.

पहिला आक्षेप असा घेतला जाईल की दुखणे ही मनाची गोष्ट आहे, आज एक उत्तर, उद्या दुसरे. अशा उत्तरांवर धोरण कसे बांधायचे? या शंकेला उत्तर प्रश्नावल्यांच्या घडणीतच आहे. रुग्णाची प्रकृती बदललेली नसताना काही दिवसांच्या अंतराने तेच प्रश्न विचारले तर उत्तरे जुळतात का, ही कसोटी लावूनच अशी साधने मान्य होतात. गुणांत किती बदल झाला म्हणजे तो रुग्णाला खरोखर जाणवतो, याचाही अभ्यास झाला आहे. २००८ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने ओस्वेस्ट्रीसाठी दहा गुणांची किंवा मूळ आकड्याच्या ३० टक्क्यांची घट ही किमान मर्यादा सुचवली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनापुढे आलेल्या मणक्याच्या नव्या उपकरणांच्या चाचण्यांत पंधरा गुणांची अट वापरली गेली आहे. मर्यादा कोणती धरावी यावर मतभेद राहतील, पण ती आधी जाहीर केली की सगळ्यांना एकच माप लागू होते. आपल्याकडे खरी अडचण निराळीच आहे. डॉक्टरांविषयीच्या आदरापोटी, किंवा पुढे पुन्हा गरज पडेल या धास्तीने, आपला रुग्ण डॉक्टरांनी विचारले की ‘बरं आहे साहेब’ म्हणतो. म्हणून कोण विचारतो याला प्रश्नाइतकेच महत्त्व आहे. सर्जन, त्यांचे सहायक आणि रुग्णालयाचे कर्मचारी या प्रक्रियेबाहेर असायला हवेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना प्रश्न वाचून दाखवावे लागतील. वाचून दाखवलेल्या उत्तरांवर विचारणाऱ्याचा प्रभाव पडतो, म्हणून उत्तर कसे घेतले याची नोंद प्रत्येक वेळी ठेवावी लागेल. मुलाने किंवा सुनेने रुग्णाच्या वतीने दिलेली उत्तरे वेगळी ठेवावी लागतील.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो मी पूर्ण मान्य करूनच उत्तर देतो. रुग्ण डॉक्टरकडे येतो तेव्हा दुखणे शिगेला पोचलेले असते. त्यानंतर ते काहीसे उतरणारच. गादी सरकून पायात कळ येणाऱ्यांपैकी अनेक जण शस्त्रक्रियेविना बरे होतात. मग वर्षभराने आकडा सुधारला तर त्याचे श्रेय शस्त्रक्रियेला कसे द्यायचे? नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाची लवकर शस्त्रक्रिया केली, दुसऱ्या गटाला थांबवून गरज पडल्यासच केली. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया लागली, बाकीच्यांना लागली नाही, आणि वर्षअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के रुग्णांनी आपण बरे झाल्याचे सांगितले. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम मात्र लवकर पडला. पिचलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याच्या उपचाराबाबत २००९ मध्ये दोन चाचण्या एकाच वेळी आल्या. खोटी प्रक्रिया केलेल्या रुग्णांनाही जवळपास तेवढाच आराम पडला होता. म्हणून रुग्णांची उत्तरे गोळा केली की कोणता उपचार श्रेष्ठ हे आपोआप सिद्ध होते, असा दावा मी करत नाही. तो निवाडा तुलनेच्या चाचण्यांनीच होईल. पण योजनेला आज जे प्रश्न पडायला हवेत ते याहून प्राथमिक आहेत. सारख्या वयाच्या, सारख्या त्रासाच्या रुग्णांचे निकाल दोन रुग्णालयांत इतके वेगळे का? शस्त्रक्रियेआधीच ज्यांचा आकडा कमी होता, म्हणजे ज्यांना फारसा त्रास नव्हता, अशा किती जणांवर शस्त्रक्रिया झाली? वर्षभराने ज्यांचा त्रास आधीपेक्षा वाढला ते कोण आहेत आणि त्यांच्याकडे कुणी लक्ष देते का? यांची उत्तरे नोंदवही देऊ शकते, आणि कोणत्या बाबतीत चाचणी घ्यायला हवी हेही तीच दाखवते. डच चाचणीचा आणखी एक धडा असा की केवळ वर्षभराने विचारले तर लवकर मिळालेला आराम दिसतच नाही. तीन महिन्यांची फेरी मी म्हणूनच मागितली आहे.

तिसरा आक्षेप रुग्णालयांकडून येईल, आणि त्यांची भीती अनाठायी नाही. निकालावरून क्रमवारी लागली किंवा पैसे कापले गेले तर मधुमेही, वयस्क, दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागणारा किंवा नैराश्याने ग्रासलेला रुग्ण कोण हाती घेईल? अशा रुग्णांचे निकाल सरासरीने कमी चांगले येतात, यात त्यांच्या सर्जनचा दोष नसतो. तेव्हा वय, आजार, आधीची शस्त्रक्रिया, मानसिक ताण आणि सुरुवातीचा आकडा या सगळ्यांची वजावट केल्याशिवाय कोणत्याही दोन रुग्णालयांची तुलना प्रसिद्ध करू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रश्नावलीचा आकडा मंजुरीची अट कधीही करू नये. चाळीसच्या वर गुण असतील तरच शस्त्रक्रिया, असा नियम झाला की सगळ्यांचे गुण चाळीसच्या वरच येतील. सुरुवातीचा आकडा फुगला की नंतरची सुधारणाही खोटी मोठी दिसेल, आणि साधन कायमचे नासेल. पहिली काही वर्षे हे निकाल रुग्णालयांना केवळ स्वतःची राज्याच्या सरासरीशी तुलना करण्यासाठी मिळावेत. पैशांशी त्यांचा संबंध नसावा. बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी गेल्या शतकाच्या आरंभी असा आग्रह धरला होता की प्रत्येक रुग्णालयाने आपला प्रत्येक रुग्ण पुरेसा काळ पाहावा आणि उपचार फसला असेल तर का फसला याचा शोध घ्यावा. १९११ ते १९१६ या काळात स्वतःच्या रुग्णालयातून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांत १२३ चुका झाल्याचे त्यांनी छापून प्रसिद्ध केले. त्यांच्या काळातल्या वैद्यकीय जगाने त्यांना जवळ केले नाही. आज नोंदवह्या चालवणारे देश त्याच वाटेने चालले आहेत. आपल्या सर्जनांना या वाटेवर आणायचे तर आधी त्यांना सुरक्षित वाटले पाहिजे.

चौथा आक्षेप आपल्या मातीतला आहे. मराठवाड्यातला ऊसतोड कामगार शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी कोणत्या कारखान्याच्या फडात असेल? मोबाइलचे क्रमांक बदलतात, पत्ते बदलतात. जे सापडतात तेवढ्यांचेच निकाल मांडले तर चित्र खोटे ठरणार नाही का? नॉर्वेत याची तपासणी झाली आहे. ६३३ रुग्णांपैकी २२ टक्के पाठपुराव्यात हरवले होते. त्यांना पुन्हा गाठून विचारले असता त्यांचे निकाल इतरांपेक्षा वेगळे निघाले नाहीत, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. तरी हा दिलासा आपण आयता उचलू नये. तिथे न सापडणारा माणूस बहुधा तरुण, धावपळीत असलेला असतो. इथे न सापडणारा माणूस बहुधा सर्वांत गरीब आणि सर्वांत अंगमेहनतीचे काम करणारा असेल, आणि सर्वाधिक भार त्याच्याच मणक्यावर पडतो. म्हणून किती टक्के रुग्ण सापडले हा आकडा प्रत्येक निकालाशेजारी छापला पाहिजे. न सापडलेल्यांतून काही जणांची यादृच्छिक निवड करून, आशासेविकांच्या मदतीने, मानधन देऊन त्यांच्या घरापर्यंत पोचले पाहिजे. हंगामी स्थलांतर करणाऱ्यांसाठी पाठपुराव्याची तारीख त्यांच्या गावी परतण्याच्या काळाशी जुळवून घेता येईल. हरवणाऱ्या रुग्णांची भीती ही मोजमाप टाळण्याची सबब होऊ नये. त्यांना शोधण्याची पद्धत आधी ठरवावी, एवढाच तिचा अर्थ.

पाचवा आक्षेप प्रश्नांच्या मजकुराविषयी आहे, आणि मला तो रास्त वाटतो. या प्रश्नावल्या मुळात खुर्चीवर बसणाऱ्या समाजात घडल्या. आपला रुग्ण पाटावर, जमिनीवर मांडी घालून जेवतो, उकिडवा बसून शौचाला जातो, हंडा डोक्यावर किंवा कमरेवर घेतो, वाकून भाताची लावणी करतो, खड्ड्यांच्या रस्त्यावरून एसटीने किंवा दुचाकीने प्रवास करतो. कमरेचे दुखणे त्याला नेमके इथेच अडवते. लैंगिक जीवनाचा प्रश्न अनेक भाषांत रुग्ण कोरा सोडतात. आपल्याकडे अनोळखी व्यक्तीने तो फोनवर विचारला तर बहुतेक जण गप्पच बसतील, आणि स्त्रियांना तो एखाद्या स्त्रीनेच, एकांतात विचारायला हवा. पण म्हणून मान्य प्रश्नावलीत मनाजोगे फेरफार करणे हा उपाय नाही. तसे केले तर तिच्या गुणांची ना इतर देशांशी तुलना करता येईल, ना आपल्याच मागच्या वर्षाशी. ओस्वेस्ट्री आहे तशी ठेवावी आणि तिच्या शेवटी मांडी घालणे, उकिडवे बसणे, वाकून काम करणे, पाणी आणणे आणि रोजगारावर परतणे यांविषयीचे चार-पाच प्रश्न वेगळे जोडावेत. राज्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या अस्थिरोग आणि फिजिओथेरपी विभागांनी ते प्रश्न विदर्भ, कोकण, खानदेश आणि मराठवाडा इथल्या रुग्णांवर पारखून घ्यावेत. गोंडी, भिली किंवा उर्दू बोलणाऱ्या रुग्णांना मराठी प्रश्नावली तोंडी भाषांतर करून सांगण्याऐवजी त्यांच्यासाठी रीतसर भाषांतरे करून घ्यावीत.

शेवटचा आक्षेप खर्चाचा आणि मनुष्यबळाचा. योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आज आरोग्यमित्र आहेत आणि ते योजनेकडून नेमलेले आहेत. मंजुरीची कागदपत्रे ते जमवतातच. शस्त्रक्रियेआधीची प्रश्नावली त्याच वेळी भरून घेता येईल. दहा भागांच्या या प्रश्नावलीला काही मिनिटे पुरतात. योजनेचे कॉल सेंटर आहे. पुढच्या दोन्ही फेऱ्या तिथून होऊ शकतात. याला धोरणाचा आधारही आहे. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने जानेवारी २०२३ मध्ये रुग्णालयांचे मूल्यमापन पाच निकषांवर करण्याचे जाहीर केले, आणि रुग्णाच्या आरोग्यविषयक जीवनमानात झालेली सुधारणा हा त्यांतला एक निकष आहे. जीवनमान मोजण्याच्या ईक्यू-५डी या सर्वसाधारण प्रश्नावलीसाठी भारतीय लोकांच्या पसंतीवर आधारलेले मूल्यांक २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. मात्र केवळ या सर्वसाधारण प्रश्नावलीवर भागवू नये. इंग्लंडने एप्रिल २००९ पासून चार शस्त्रक्रियांत रुग्णांची उत्तरे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा तिच्यावर खुब्याचा सांधा बदललेल्यांपैकी दहांतल्या नऊ जणांची सुधारणा दिसली, पण हर्नियाच्या जवळपास निम्म्याच रुग्णांची दिसली. हर्नियाची शस्त्रक्रिया निम्म्यांत फसते असा याचा अर्थ नव्हता. ढोबळ प्रश्नांत त्या आजाराचा विशिष्ट त्रास पकडलाच जात नव्हता. २०१७ मध्ये हर्निया आणि फुगलेल्या शिरांची शस्त्रक्रिया त्या उपक्रमातून वगळली गेली. म्हणून मणक्यासाठी दोन्ही साधने हवीत : दुखण्यासाठी ओस्वेस्ट्री, आणि इतर आजारांशी तुलना करता यावी म्हणून ईक्यू-५डी.

यावरून राज्याने नेमके काय करावे, ते स्पष्ट लिहितो. पहिल्या टप्प्यात फक्त तीन आजार घ्यावेत : कमरेतली सरकलेली गादी, अरुंद झालेली मज्जारज्जूची वाट आणि पुढे सरकलेला मणका. अपघात, मणक्याचा क्षयरोग, गाठी आणि लघवीवरचा ताबा सुटल्यामुळे तातडीने कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रिया यांचे हेतू वेगळे आहेत. त्यांना ही मापे लावू नयेत. प्रत्येक महसुली विभागातले एक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि काही खासगी रुग्णालये निवडून वर्षभर प्रयोग करावा, पाठपुरावा किती टक्के साधतो ते पाहावे आणि मगच राज्यभर विस्तार करावा. रुग्णाची संमती घ्यावी. नाव आणि ओळख गुप्त राहील आणि त्याच्या उत्तरामुळे पुढचा कोणताही लाभ थांबणार नाही, हे त्याला लेखी कळवावे. कामाची देखरेख राज्य आरोग्य हमी सोसायटीने करावी, पण विश्लेषणासाठी सर्जन, फिजिओथेरपिस्ट, संख्याशास्त्रज्ञ आणि रुग्ण यांची स्वतंत्र समिती असावी. ज्याचा आकडा वर्षभराने सुधारला नाही किंवा बिघडला, त्या प्रत्येकाला पुन्हा तपासणीचा आणि फिजिओथेरपीचा हक्क योजनेतच मिळावा. हे शेवटचे कलम मला सर्वांत आवश्यक वाटते. माणसाला त्याच्या वेदनेविषयी विचारायचे, त्याने सांगितलेले टिपून घ्यायचे आणि पुढे काहीच करायचे नाही, यात त्याचा अवमान आहे.

आपल्या खात्याने आजवर ज्यांना दारातही प्रवेश नव्हता अशा लाखो कुटुंबांना शस्त्रक्रियागृहापर्यंत पोचवले, हे मोठे काम आहे. त्या कामाचे मूल्य आता किती शस्त्रक्रिया झाल्या या संख्येने ठरू नये. किती जणांचे दुखणे कमी झाले, किती जण उभे राहून पुन्हा कमवू लागले आणि ज्यांना गुण आला नाही त्यांच्यासाठी आपण काय केले, यांवरून ते ठरावे. पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी या प्रयोगाची घोषणा करावी, त्याचा आराखडा सर्जनांच्या आणि रुग्णांच्या सूचनांसाठी खुला करावा, आणि पहिल्या वर्षाचे निकाल, ते अनुकूल असोत वा नसोत, विधिमंडळाच्या पटलावर ठेवावेत, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
महाराष्ट्राचा एक नागरिक